कुसुमताईंच्या मापाचं घर

"हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही," असं म्हणत हिम्मतरावांनी लेंगा घोट्याच्या वर उचलून धरला, चुन्याची रेघ ओलांडली आणि न्हाणीघरात पाय टाकला. "पण हिला मी एका हातानं उचलली. एका! दुसऱ्या हातात माकडाची शेपटी होती."

न्हाणीघर म्हणजे बरकतपुऱ्यातल्या त्या घराच्या परसात, सीताफळाच्या झाडाजवळ, लाल मातीवर पांढऱ्या फक्कीनं आखलेला सात बाय आठ फुटांचा चौकोन होता. त्याला लागून निजायची खोली, पलीकडे स्वयंपाकाचा ओटा, पुढे बैठक आणि बैठकीच्या टोकाला एक उतार. सगळं घर असं जमिनीवर सांडलेलं. नीलिमाची ही पद्धत होती. ती आर्किटेक्ट, मूळची पुण्याची, कामासाठी हैदराबादेत आलेली, आणि म्हाताऱ्या माणसांची घरं हेच तिचं काम. कागदावरचा नकाशा म्हाताऱ्यांना कळत नाही, असं तिचं मत. म्हणून ती आधी चुन्यानं घर आखायची आणि ज्यांच्यासाठी ते बांधायचं त्यांना त्यात चालायला, बसायला, उठायला लावायची. हात कुठे जातो, पाय कुठे अडतो ते बघायची आणि जागच्या जागी माप टिपायची.

"माकड?" ती म्हणाली. "बाथरूममध्ये?"

"खिडकीतून आलं. साबणाची वडी खाऊन बसलं होतं. तोंडाला हा फेस! हिला वाटलं, पिसाळलंय. ही मागं सरली, साबणाच्या पाण्यावर पाय पडला आणि गेली. मी आलो धावत. या हातात माकड, या हातात बायको. माकड हलकं होतं, हे एक बरं."

युवराज खो खो हसला. हिम्मतरावांचा हा एकुलता एक मुलगा, वय पन्नास, बँकेत मॅनेजर, पण बापाच्या गोष्टीला अजून दहा वर्षांच्या पोरासारखा हसायचा. ही गोष्ट त्यानं पंधरा वेळा ऐकली होती. फेब्रुवारीत तिच्यात नुसती पाल होती. होळीपर्यंत पालीची घोरपड झाली आणि पाऊस सरता सरता माकड आलं. हिम्मतराव म्हणजे सिकंदराबादच्या रेल्वे पार्सल ऑफिसात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. तिथं एकदा पार्सलातून सुटलेल्या उंटानं तिकीट तपासनीसाचा कोट बटनांसकट खाल्ला होता म्हणे. उंट खोटा हे सगळ्यांना ठाऊक असायचं, म्हणून तर हसू यायचं. माकडाचंही तसंच. माकड खोटं आहे हे सगळ्यांना कळत होतं, आणि म्हणूनच बाकीचं सगळं खरं असणार, असं सगळे धरून चालले होते.

हिम्मतराव मात्र हसले नाहीत. त्यांना शिसारी आली होती. सकाळपासून जे जे डोळ्यांपुढे येत होतं त्याची येत होती. झाडाखाली फुटून पडलेल्या सीताफळांवर मुंग्यांचा लगदा झाला होता, त्याची. पाण्यानं भिजलेल्या चुन्याच्या वासाची. पायाखाली घालायच्या लादीचा जो तुकडा नीलिमानं नमुना म्हणून आणला होता तो सुसरीच्या पाठीसारखा खरखरीत आणि करडा होता. बरोबर एक चोपडं होतं, त्यात पांढऱ्याशुभ्र दातांचं एक म्हातारं जोडपं संडासातल्या लोखंडी दांड्याला धरून हसत होतं. संडासात हसण्यासारखं काय असतं, हे अठ्ठ्याहत्तर वर्षांत हिम्मतरावांना कळलं नव्हतं. 'सीनियर-फ्रेंडली' असं त्यावर छापलेलं. तो शब्द त्यांनी तोंडात घोळवून पाहिला होता आणि औषधाच्या गोळीसारखा बाहेर काढला होता.

त्यात पहाटे कुठल्याशा मांजरानं चुन्याच्या निजायच्या खोलीत बरोबर पलंगाच्या जागी घाण करून ठेवली होती.

"वास्तुशांत झाली," हिम्मतराव म्हणाले होते. "आता राहायला यायला हरकत नाही."

ती घाण यादय्या मिस्त्रीनं फावड्यानं उचलून टाकली, वर माती ओढली, पण वास काही गेला नाही.

कुसुमताई झाडाच्या सावलीत चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या. चार फूट दहा इंचांची बाई, त्या रुंद काळ्या खुर्चीत ठेवून विसरल्यासारखी दिसत होती. खुर्चीमागे सून उभी होती, पल्लवी. दोन्ही हात मुठींवर.

"आई, ऊन लागतंय का? जरा मागे घेऊ?"

"नको गं. बरं आहे."

"पाय सरळ ठेवा. डॉक्टरांनी सांगितलंय ना."

"ठेवलाय."

हिम्मतरावांनी मान फिरवली. त्या खुर्चीचा त्यांना सगळ्यात जास्त वीट होता. उन्हात तिच्या रेक्झीनला एक वास सुटायचा, नव्या चपलांच्या दुकानात येतो तसा, आणि कुसुमताई उठल्या की लुगड्याचा ओला चट्टा मागे राहायचा.

घरातली म्हातारी दोघं वरच्या मजल्यावर राहत. बावीस पायऱ्या. फेब्रुवारीत आई न्हाणीघरात पडली म्हटल्यावर युवराजनं ठरवूनच टाकलं की परसात छोटं, एकमजली घर बांधायचं. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून दहा पावलांवर. हाक मारली की ऐकू येईल, आणि दार लावलं की त्यांचं ते मोकळे. कुठे उंबरा नाही, खुर्ची फिरेल एवढी रुंद दारं, दिव्याची बटनं कमरेच्या उंचीला. आणि न्हाणीघर तर कारखान्यातून अख्खं तयार होऊन यायचं होतं. भिंती, फरशी, कमोड, धरायच्या दांड्या, सगळं एकाच ठोकळ्यात. क्रेननं उचलून परसात ठेवायचं.

"एकदा ऑर्डर गेली की काही बदलता येत नाही हं," नीलिमा सकाळपासून तिसऱ्यांदा सांगत होती. "दांड्या भिंतीत बसवूनच येतात. त्यामुळे आज जी मापं घेऊ ती फायनल. संध्याकाळी मी पाठवतेय." मग तिनं हातातली वही उघडली. "आजोबा, आधी तुम्ही दाखवता? म्हणजे आजींना कळेल कसं करायचं ते."

"काय दाखवू?"

"सकाळी उठल्यापासून. पलंगावरून उठायचं, चालत यायचं, कमोडवर बसायचं, उठायचं."

हिम्मतरावांनी वर पाहिलं. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी एक बाई हातात ओला टॉवेल घेऊन थांबली होती.

"तिकीट लावायचं का?" ते म्हणाले.

"अण्णा, पाच मिनिटांचं काम आहे," युवराज म्हणाला. तो प्लायवूडचा एक उभा तुकडा दोन्ही हातांनी धरून न्हाणीघराच्या रेघेवर उभा होता. ती न्हाणीघराची भिंत होती. भिंतीपुढे विटांच्या दोन थप्प्यांवर फळी टाकलेली, तो कमोड. यादय्या कानावर पेन्सिल खोचून बाजूला बसला होता. भिंतीवर खुणा करणं त्याच्याकडे होतं.

हिम्मतराव फळीवर बसले. भर दिवसा, अंगणात, सुनेसमोर, लेंगा घालून, संडासाला बसल्यासारखे. गच्चीवरच्या बाईनं तोंडाला टॉवेल लावला. तेवढ्यात नीलिमा म्हणाली, "छान! आता उठा. हात कुठे जातोय ते मला बघू दे."

हात कुठेच जाऊ द्यायचा नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. दोन्ही पंजे गुडघ्यांवर घट्ट रोवून, दात आवळून, त्यांनी स्वतःला एका झटक्यात वर फेकलं. डाव्या पायातून कंबरेपर्यंत एक कळ सरकन गेली. ती जाईस्तोवर त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं.

"बघितलं? हात खिशात घालूनही उठलो असतो. माझं काही टिपू नका, बाई. मी या घरात पाहुणा. घर हिचं आहे."

"आजोबा एकदम फिट!" नीलिमा म्हणाली आणि वहीत एक आडवी रेघ मारली.

त्यांनी कुसुमताईंकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्या हिम्मतरावांच्या डाव्या पायाकडे बघताना दिसल्या असत्या, हे त्यांना माहीत होतं.

फेब्रुवारीतल्या त्या दुपारी न्हाणीघरात माकड नव्हतं, पाल नव्हती आणि कुसुमताईही नव्हत्या. हिम्मतराव होते. कमोडवरून उठताना डावा पाय खाली नाहीसाच झाला आणि ते फरशीवर आडवे गेले. गाल ओल्या लादीवर, नाकापासून वितीवर मोरीची जाळी. जाळीत केसांचा गुंता, त्यावर साबणाचा करडा बुळबुळीत थर आणि त्या थरावर मिशा साफ करत बसलेलं एक झुरळ. इतक्या जवळून त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं. उठता येईना. आणि मग अंगाला जे आवरता आलं नाही ते सगळं तिथंच झालं. त्याचा वास त्यांच्या स्वतःच्याच नाकात बसला, आणि स्वतःच्या अंगाची इतकी किळस माणसाला येऊ शकते हे त्यांना पहिल्यांदा कळलं.

त्यांनी हाक मारली, तीही दबक्या आवाजात, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून.

कुसुमताई आल्या. आधी नळ सोडला, त्यांना धुतलं, मग फरशी धुतली. मग पलंगावरची सोलापुरी चादर आणून त्यांच्या काखेतून घातली आणि टोकं मनगटांना गुंडाळून ओढायला लागल्या. सहा फुटांचा गडी. सव्वा तास लागला. उंबऱ्यावरून ओढताना त्यांचा स्वतःचा पाय मुरगळला, तरी चादर सोडली नाही.

संध्याकाळी युवराज बँकेतून आला तेव्हा हिम्मतराव धुतलेला सदरा घालून आरामखुर्चीत बसले होते आणि कुसुमताई लंगडत चहा आणत होत्या.

"आई, काय झालं गं पायाला?"

कुसुमताईंनी तोंड उघडलं.

"पडली न्हाणीत," हिम्मतराव म्हणाले. "पालीला घाबरून."

एक कप भरायला लागतो तेवढा वेळ कुसुमताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हो. घसरले."

मुरगळलेला पाय आठ दिवसांत बरा झाला. गोष्ट बरी झाली नाही. पल्लवीनं मनापासून सगळं केलं. रजा काढली, डॉक्टर गाठले, ती खुर्ची आणली. आई, उठू नका. आई, जिना नको. आई, सुलतान बाजारातून जे हवं ते मी आणते. बरकतपुऱ्याहून सुलतान बाजारापर्यंत चालत जाऊन, चार दुकानं पालथी घालून खणाचा रंग जुळवणारी बाई आठ महिने खुर्चीत बसली. गुरुवारचं भजनी मंडळ सुटलं. त्यांची पेटी दुसरंच कुणी वाजवायला लागलं, आणि बेसूर वाजवतं, असं त्यांच्या कानावर आलं. घरात कुणी नसलं की त्या उठायच्या, तुरुतुरु जिना उतरून कढीपत्ता तोडून आणायच्या आणि फाटक वाजलं की पुन्हा खुर्चीत. एकदा हिम्मतरावांनी विचारलं होतं, "कंटाळलीस का?" तेव्हा त्या कढीपत्त्याची पानं ओरबाडत म्हणाल्या होत्या, "घर तेवढं होऊ द्या."

ऑगस्टमध्ये हिम्मतराव पुन्हा पडले. त्या वेळी पलंगाशी. तेही दोघांपलीकडे कुणाला कळलं नाही.

"आता आजी," नीलिमा म्हणाली.

पल्लवीनं खुर्ची रेघेपर्यंत आणली. कुसुमताई उठल्या, लंगडत दोन पावलं चालल्या. चांगलं लंगडायच्या, या आठ महिन्यांत सवयीचं झालं होतं. मग फळीवर बसल्या.

"ठीक आहे ही उंची?"

"कमी आहे," कुसुमताई म्हणाल्या. "वर करा."

यादय्यानं दोन्ही थप्प्यांवर एकेक वीट चढवली. त्या बसल्या. टाचा जमिनीवरून सुटल्या.

"अजून."

"अम्मा, इत्ता ऊँचा नक्को," यादय्या म्हणाला. "पाँव लटकते तुमारे."

"लटकू दे. चढव वीट."

त्यानं नीलिमाकडे बघून खांदे उडवले आणि वीट चढवली. कुसुमताई त्या थप्पीवर अक्षरशः चढून बसल्या. पाय बाकावर बसवलेल्या शाळकरी पोरीसारखे लोंबत होते. पल्लवीला हसू आलं, तिनं ते खोकल्यात लपवलं.

"आणि आता उठताना कुठे धराल?"

कुसुमताईंनी उजवा हात वर नेला. खांद्याच्या वर. पाठ ताठ करून, बोटं ताणून, युवराजनं धरलेल्या प्लायवूडवर एका जागी बोट टेकवलं. "इथं. उजव्या हाताला. डाव्या पायावर भार नको यायला."

यादय्यानं खूण केली.

"आणि एक दांडी अशी उभी, इथपासून इथपर्यंत. माणूस उभा राहिला तरी डोकं आपटणार नाही अशी. आणि घंटीची दोरी वरून नको. पार खाली सोडा, फरशीपासून वितीवर. पडलेल्या माणसाचा हात वर पोचत नाही."

हिम्मतरावांनी चष्मा काढला. काचा स्वच्छ होत्या, तरी सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. गेल्या दोन महिन्यांत कुसुमताईंनी काय काय मागितलं होतं ते त्यांना एकेक आठवायला लागलं. पलंग उंच हवा. ओट्यावरचं फडताळ वर हवं. दाराची चौकट साडेसहा फुटांच्या वर. नीलिमा प्रत्येक वेळी समजूत घालायची आणि हिम्मतरावही म्हणायचे, हिला वयाचं काही भान राहिलं नाही, राजवाडा बांधायला निघालीय. परवा तर त्यावरून त्यांनी तिची चारचौघांत टिंगल केली होती.

नीलिमानं टेप लावली. मग वही बघितली. मग पुन्हा टेप.

"आजी, हे जमणार नाही हो." ती वाकून, मऊ आवाजात, लहान मुलाशी बोलावं तशी बोलत होती. "ही सगळी मापं सहा फुटी माणसाची झाली. तुमची उंची चार फूट दहा. एवढ्या उंच कमोडवर तुम्ही रोज चढणार कशा? तुम्हीच पडाल. आपण असं करू, मी तुमच्या उंचीप्रमाणे स्टँडर्ड माप घालते. कमोड सोळा इंच, दांडी सव्वादोन फुटांवर." तिनं वहीतली ओळ खोडली. "आजोबांना तर दांडीची गरजच नाही."

"खोडू नका," कुसुमताई म्हणाल्या.

"अहो आजी..."

"खोडू नका म्हणते ना."

त्यांचा आवाज चढला होता. तो इतका क्वचित चढायचा की पल्लवी पुढे झाली. "आई, त्या शिकल्यात त्याच्यातलं. त्यांना कळतं. घर तुमच्या मापाचं नको का व्हायला?"

कुसुमताई थप्पीवर तशाच बसून राहिल्या. पाय लोंबत होते. तळव्यांना चुना लागला होता. त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही, मुलाकडे पाहिलं नाही.

"अहो," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा ना यांना."

सांगायचं तर एक वाक्य होतं. हिम्मतरावांच्या जिभेवर ते आलंही. पण त्या वाक्यामागे ती लादी होती, ती जाळी होती, तो वास होता, आणि त्यामागे प्रश्न होते. कधी पडलात, कसे पडलात, उचललं कुणी, धुतलं कुणी. सून विचारणार. गच्चीवरची बाई अजून गेली नव्हती. आणि संध्याकाळी सोळा इंचांच्या कमोडाची ऑर्डर जाणार होती. दांड्या सव्वादोन फुटांवर, पोलादासारख्या पक्क्या. त्यात ते पुन्हा पडणार होते, आणि ही चार फूट दहा इंचांची बाई पुन्हा चादर आणणार होती.

त्यांनी चष्मा चढवला आणि घसा खाकरला.

"बाई, तुमचं शिक्षण पुण्यात झालं, म्हणून तुम्हाला हे ठाऊक नसणार," ते म्हणाले. "माझ्या सासुरवाडीच्या बायका पंचाहत्तरीनंतर वाढतात."

"म्हणजे?"

"म्हणजे उंचीनं. हिला पुढच्या वर्षी पंचाहत्तरावं लागतंय. तुम्ही आज चार फूट दहाचं माप घ्याल आणि दोन वर्षांनी हिचं डोकं छताला लागेल. मग म्हणाल, आजोबा, सांगितलं का नाही?"

पल्लवी फसकन हसली. नीलिमानंही वही छातीशी धरली, तिला हसू आवरेना. यादय्याला निम्मं मराठी कळत होतं, तोही हसला.

"हसा. हिची आत्या होती, परभणीकडे. तरणी होती तेव्हा एवढीशी, मांजर उंबरा ओलांडतं तशी ओलांडायची. पंचाहत्तरावं लागलं आणि सुरू झाली की हो वाढायला! महिन्याला दोन बोटं. शिंपी दमला. लुगडं नऊवारी पुरेना, अकरावारी विणून घ्यायला माणूस नारायणपेठला पाठवला. पुढं पुढं तर बसल्या जागेवरून माळ्यावरचं लोणचं काढायची..."

गोष्ट रंगत चालली होती. हिम्मतराव हातवारे करत, चुन्याच्या रेघेवरून पुढे मागे होत होते. आत्याला झोपवायला दोन खाटा जोडल्या, असं ते म्हणाले. आत्याला उठताना आडव्या तुळईला धरावं लागायचं. म्हणून सांगतो, दांडी वरच पाहिजे, उजव्या हाताला, तिनं सांगितली तिथंच. उगाच नाही सांगत ती, घराण्याचा अनुभव आहे. कमोड उंच पाहिजे. दोरी खाली पाहिजे, कारण वाढलेलं माणूस पडलं की लांबवर पडतं...

पहिल्यांदा त्यांना जाणवलं की गुडघ्याच्या मागे काहीतरी ढिलं झालंय. आपण बराच वेळ उभे आहोत. डाव्या पायाखालची माती एकदम पाण्यासारखी झाली, आणि बोलणं न थांबवता, चेहऱ्यावरचं हसू न हलवता, त्यांनी उजवा हात बाजूला टाकला. प्लायवूड हाताला लागलं. त्यांनी मूठ त्याच्या कडेवर आवळली आणि सगळा भार त्यावर सोडला.

प्लायवूड डगमगलं नाही. मागून कुणीतरी ते दोन्ही हातांनी आणि खांद्यानं नेटानं तोलून धरलं होतं.

"...तर तिच्या मयतीची गंमत सांगतो," हिम्मतराव म्हणाले. आवाज थोडा कापला, त्यांनी तो गोष्टीतलाच करून टाकला. "तिरडी बांधायला आणलेले बांबू काही पुरेनात. शेवटी..."

हसणाऱ्यांत एक हसू कमी होतं. त्यांनी बाजूला पाहिलं. युवराज प्लायवूडच्या मागून त्यांच्या मुठीकडे बघत होता. मुठीच्या करंगळीखालून यादय्यानं ओढलेली पेन्सिलची रेघ अर्धी बाहेर आली होती. त्यानं ती रेघ पाहिली, मग थप्पीवर बसलेल्या आईचे लोंबणारे पाय पाहिले, मग बापाचा डावा गुडघा पाहिला. तो लेंग्याच्या आत थरथरत होता.

"शेवटी काय झालं, की स्टेशनवरून तारेचा खांब..."

"अण्णा," युवराज मध्येच म्हणाला. प्लायवूडवरचा त्याचा जोर जराही कमी झाला नव्हता. "आई पडलीच नव्हती. तुम्ही पडला होता."